हिंग्यांचं साल

आमच्या घरात रागाला आवाज होता. आप्पा शेतातून आले की सोप्याच्या दाराची कडी वाजायची, आणि ती कशी वाजली यावरून चुलीपुढच्या आईला कळायचं की आज ताट समोर नेऊन वाढायचं की लांबून सरकवायचं. कडी नुसती खुळखुळली तर बरं. दार भिंतीवर आपटून परत आलं तर आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून आधी पिठाची परात आत ओढायची, कारण एकदा ती परात अंगणापर्यंत उडाली होती आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नुसत्या कण्या खाल्ल्या होत्या. माझा थोरला भाऊ शिवा तेव्हा मिशी फुटलेला बाप्या होता, माझ्याही लग्नाचं घरात बोलणं निघालं होतं, तरी कडी वाजली की आम्ही दोघं पाय पोटाशी घेऊन बसायचो. आज बेळगावात, अनगोळच्या माझ्या घराला लोखंडी दार आहे. सुनेनं त्याला रबर लावून घेतलंय, त्यामुळं आवाज म्हणून होत नाही. तरी संध्याकाळी कुणी बाहेरून आलं की माझा हात आधी समोरचं ताट धरतो. म्हातारपणी माणूस जुनं विसरतं म्हणतात. माझ्या हाताला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आप्पा आईला मारायचे. हे मी आडून सांगत नाही, कारण आमच्या गल्लीत ते आडून कुणीच सांगत नव्हतं. मीठ जास्त झालं म्हणून, पाणी द्यायला उशीर झाला म्हणून, आणि पुष्कळदा कशासाठीच नाही म्हणून. कामाला मात्र माणूस वाघ होता. पहाटे बैल घेऊन जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा. आणि या माणसाच्या पोटात माया नव्हती असंही नाही. ती होती, पण ती सगळी गोठ्यात होती. संकेश्वराच्या बाजारातून आणलेला बसव्या नावाचा पांढरा बैल त्यांचा जीव की प्राण. तो कानडी मुलखातला, त्याला मराठी हाक कळायची नाही, म्हणून आप्पा त्याच्याशी कानडीत बोलायचे. घरात एक गोड शब्द न काढणारे आप्पा गोठ्यात शिरले की ‘बारो नन्न राजा, बारो’ म्हणून त्याच्या गळ्याखाली खाजवत उभे राहायचे. ये रे माझ्या राजा, ये. मला त्या बैलाचा हेवा वाटायचा. खरंच वाटायचा. त्याचा जोडीदार हौशा आमच्याच गायीचा, तो मराठीत शिव्या खायचा आणि आमच्यासारखाच मुकाट राहायचा.

भिंतीपलीकडं मारुतीकाकांचं घर. ते आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. आजा गेल्यावर दोघं वेगळे निघाले, घरात भिंत घातली, शेतात बांध घातला. भिंत होती तेवढीच राहिली, बांध मात्र दर वर्षी बारीक होत गेला, कारण नांगर धरला की दोघंही वीतभर पलीकडं घुसायचे. दोघांचं बोलणं म्हणजे भांडणच, पण उडीद दोघंही एकाच दिवशी पेरायचे. उडीद म्हणजे आमच्या घरचं भाकरीबरोबर खायचं वर्षाचं कोरड्यास. आईच्या हातचं उडदाचं घुटं, त्यावर लसणाची फोडणी, गरम भाकरी आणि तळलेली मिरची. ते ज्या दिवशी असेल त्या दिवशी कडीसुद्धा हळू वाजायची. उडीद गेला तर वर्षभर काय शिजवायचं याचं उत्तर आईकडं नव्हतं.

त्या श्रावणात पावसानं उघडीप दिली आणि हिंगे आले.

हिंगा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगायला हवं. बोटाच्या पेराएवढा काळा किडा, पाठीवर तांबूस पिवळे आडवे पट्टे. दिसायला देखणा. सकाळी दवानं पंख जड असतात तेव्हा फुलात तोंड खुपसून गप्प बसतो, ऊन चढलं की उडतो. पानाचं त्याला काही पडलेलं नसतं. तो फूल खातो, आणि फूल गेलं की शेंग नाही. शेत हिरवंगार दिसतं आणि आत काही नसतं. चिमटीत धरला तर अंगातून पिवळा रस सोडतो. तो कातडीला लागला की आधी काही कळत नाही, मग लाल होतं, आणि पाच-सहा तासांनी पाण्यानं टच्च भरलेला फोड. तो फुटून रस पुढं गेला की तिथं दुसरा.

आमच्या गावात हिंगे हाकायची एक रीत होती. वारा ओढ्याकडं वाहायला लागला की पाटील दवंडी द्यायचे. मग सगळ्या शिवारांतली माणसं एका रांगेत उभी राहायची, हातात निरगुडीचे डहाळे, पोरींच्या हातात पत्र्याचे डबे, आणि दवंडीच्या मागं मागं सगळ्यांनी एका पावलानं पुढं सरकायचं. हिंगे उठायचे, पुढच्या शेतात बसायचे, पुन्हा उठायचे, आणि शेवटी ओढ्यापलीकडच्या गायरानात जाऊन पडायचे. नेम एकच. एकट्यानं हाकायचं नाही. एकट्यानं हाकलं तर तुझा हिंगा माझ्या शेतात. गावात खून झाला तरी चार दिवसांनी लोक बोलायला लागायचे, पण एकट्यानं हिंगे हाकणाऱ्याशी वर्षभर कुणी तंबाखू वाटून घ्यायचं नाही.

आप्पांनी एकट्यानं हाकले. पाटलांनी सोमवार सांगितला होता, पण आमचा उडीद ऐन फुलावर होता. ‘सोमवारपतोर फुलं ऱ्हायली तर ना,’ म्हणाले, आणि सकाळी दार आपटून आम्हा सगळ्यांना शेतात नेलं. आई, शिवा आणि आप्पा डहाळे घेऊन सरीत उतरले. मला आईनं बांधाच्या टोकाला डबा वाजवायला उभं केलं. ‘हितनं हलू नको, तानी. अंगाला लागू देऊ नको,’ म्हणाली. वारा सरळ काकांच्या शेताकडं होता. हिंगे उठले आणि सगळेच्या सगळे बांधापलीकडं बसले. काकूनं ते पाहिलं आणि जागच्या जागी गुडघे टेकून छाती पिटायला सुरुवात केली, घरातलं कुणी गेल्यावर करतात तशी.

काका आले. त्यांनी आपली माणसं लावली आणि दुपारी वारा फिरल्यावर तेच हिंगे आमच्याकडं परत हाकले. मग आप्पा बांधावर गेले. त्यांच्या हातातला डहाळा काकांच्या तोंडावर बसला, काकांचा डबा आप्पांच्या कपाळावर. दोघं एकमेकांना मिठी मारल्यासारखे खाली पडले आणि बांधाच्या चिखलात लोळायला लागले. आप्पा अंगानं जड. त्यांनी काकांच्या मानेवर गुडघा ठेवला आणि त्यांचं तोंड चिखलात दाबलं. वर सांबऱ्याच्या विमानतळाकडून गोऱ्यांचं विमान घरघरत चाललं होतं. एरवी आम्ही सगळे मान वर करून बघायचो. त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. काकांचं पाय झाडणं हळूहळू कमी झालं तेव्हा आईनं आप्पांच्या केसांना धरून मागं ओढलं. तेवढ्या उसंतीत काका सुटले. दातांतून माती आणि रक्त थुंकत म्हणाले, “आण्णा, तुझ्या दावणीला बैल ऱ्हायचा न्हाय. ध्येनात ठेव.”

हे सगळ्या शिवारानं ऐकलं. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं घडवलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि शिवा बाभळीचे फोक तोडून शेतात गेले. आता हाकायचे नव्हते, मारायचे होते. मी घरी भाकऱ्या थापत होते, त्यामुळं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण त्याच्या पुढच्या दिवशी शेत पाहिलं तेव्हा काय झालं असेल ते कळलं. त्यांनी हिंगे मारले, म्हणजे उडीदच मारला. वेल जमिनीला चिकटून चेंदामेंदा, त्यात फुटलेले हिंगे, पानांना चिकटलेले पंख, शेंड्यांत अडकलेली काळी डोकी. आप्पांचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते आणि शिवाचा एक डोळा सुजून मिटला होता. शेंग धरायची आशा उरली नाही म्हटल्यावर आप्पा म्हणाले, “आमाला न्हाय तर न्हाय. माझा राजा तर खाईल.” आणि ते सगळं कापून बैलांना घालायला सांगितलं.

आई म्हणाली, “ह्यात हिंगे हायती. झाडून घालूया.”

आप्पांनी तिच्या पाठीत रट्टा घातला. “मेलेल्या किड्यात कसलं ईख ऱ्हातंय? शानी झालीस?”

 मीच तो ओला भारा डोक्यावर घेऊन घरी आणला. संध्याकाळी आप्पांनी स्वतःच्या फोडाच्या हातांनी त्यातला कोवळा कोवळा निवडून बसव्यापुढं टाकला. हौशानं आपल्या वाट्याचं हुंगलं, नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं. त्याला आप्पांनी नेहमीप्रमाणं मराठीत दोन शिव्या दिल्या.

सकाळी बसव्या उभा होता, पण त्याच्या तोंडातून तांबडी लाळ गळत होती. पाण्याच्या काहिलीत तो नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवायचा आणि घोटही न घेता बाहेर काढायचा. आईनं त्याचा जबडा उघडून पाहिला. जिभेवर आणि हिरड्यांवर फोड. मग तो स्वतःच्याच पोटाला लाथा मारायला लागला, आणि मुतला तेव्हा रक्त पडलं. लोकांनी सांगितलं ते सगळं केलं, ताक पाजलं, तेल पाजलं. आप्पा दिवसभर त्याच्या मानेला मिठी मारून बसले होते. ‘बारो नन्न राजा’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तो कुठंही येत नव्हता. पुढच्या दिवशी उजाडताना तो गेला. बेंदराला लावलेला तांबडा हिंगूळ अजून त्याच्या शिंगांवर होता. आप्पा रडले नाहीत. त्यांनी गोठ्याच्या खांबाला डोकं आपटलं, एकदा, दोनदा, आणि मग आढ्याला खोचलेली कुऱ्हाड काढली.

त्यांना कुठं जायचंय हे कुणी विचारायची गरज नव्हती. बांधावरचा तो शब्द सगळ्यांनी ऐकला होता. काका घरातच होते, भिंतीपलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. दोन दारं आणि एक भिंत, एवढंच अंतर. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, जाऊ देत. जाऊ देत आणि फासावर चढू देत, निदान कडी तरी वाजायची थांबेल. मग काकांचा खोकला पुन्हा ऐकू आला आणि मी आईकडं पाहिलं.

आई उंबऱ्यात उभी राहिली.

“वाटंतनं हो.”

“बैल हिंग्यानं मेलाय,” आई म्हणाली. “मारुतीभावजींनी न्हाय. वैरणीतल्या हिंग्यानं.”

“बाजूला हो म्हनतो ना!”

“तानीची मान बगा. ती शेतात उतरलीच न्हाय. भारा तेवडा आणला तिनं.” आईनं माझा पदर खेचून मान उघडी केली. भाऱ्यातलं पाणी जिथं ओघळलं होतं तिथं फोडांची ओळ उठली होती. मला ती दुखत होती, पण बैलाच्या गोंधळात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

“बांधावर हुती की ती. तवा लागलं आसंल.” आप्पांनी कुऱ्हाडीचा दांडा आईच्या खांद्यावर टेकवून तिला बाजूला ढकललं. ती हलली नाही. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. फोडाच्या हातानं मारली, त्यांच्याच हाताचं पाणी तिच्या गालावर उडालं. तरी ती हलली नाही.

मग तिनं जे केलं ते आमच्या गल्लीत कुठल्याही सवाष्णीनं केलेलं मी ऐकलेलं नाही. तिनं डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला सुरुवात केली. फोडल्या नाहीत, काढल्या. पंजा आवळून, कातडी सोलपटत, एकेक. दारात जमलेल्या गल्लीतल्या बायकांच्या तोंडून ‘आगं आगं’ निघालं. तिनं त्या सगळ्या उंबऱ्यावर आप्पांच्या पायापुढं मांडल्या.

“तुमी भावजींवर कुराड टाकली तर तुमाला फाशी. मग मला ह्या काडायच्याच हायत. आत्ताच काडून ठेवते.” मग माझ्याकडं वळली. “तानी, दावणीतली वैरण आण. बसव्यानं टाकलेली.”

मी आणली. ती सुकायला लागली होती. आईनं तिच्यातले मेलेले हिंगे नखानं खरवडून काढले, दगडावर ठेचले आणि तो लगदा आपल्या उघड्या हातावर, कोपराच्या खाली, आतल्या गोऱ्या कातडीवर चोळला. चांगला रगडून चोळला, भाकरीचं पीठ मळावं तसा.

“ह्यो मेलेला हिंगा. दिवस मावळंपतोर हितं बसा. फोड न्हाय आला तर मीच कुराड उचलून तुमच्या हातात देते. आन फोड आला तर तुमच्या राजाला कुणी मारलं ते तुमचं तुमी बगा.”

आप्पा बसले. का बसले हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित इतकी वर्षं ज्या अंगावर ते स्वतः वळ उठवत आले होते त्यावर तिनं आपल्या हातानं काहीतरी लावून घेतलं, हे त्यांना कळेना. कुऱ्हाड मांडीवर घेऊन ते सोप्यात बसले, आई उंबऱ्यात बसली, मधे बांगड्या. तिनं मला चूल पेटवायला सांगितली. डब्यात जुना उडीद होता, त्याचं घुटं करायला सांगितलं. मी लसूण ठेचला, फोडणी दिली, घरभर तो वास सुटला. कुणी जेवलं नाही. गोठ्यात बसव्यावर माशा बसत होत्या आणि हौशा दावं ताणून त्याच्यापासून लांब सरकत होता. ऊन आढ्याच्या फटीतून हळूहळू भिंतीवर चढलं. दुपारी आईचा हात नुसता लाल झाला होता.

“न्हाय आला,” आप्पा म्हणाले आणि उठले.

“दिवस हाय आजून,” आई म्हणाली. ते पुन्हा बसले.

मी चुलीपुढं बसून यल्लम्माला नवस बोलत होते. आपल्या आईच्या अंगावर फोड उठावा म्हणून नवस बोलणारी पोर दुनियेत दुसरी नसेल. मी दर थोड्या वेळानं पाणी द्यायच्या निमित्तानं जायचे आणि तिच्या हाताकडं बघायचे. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओठ दातांत धरलेला. आग होत होती, पण ती फुंकरसुद्धा घालत नव्हती. ऊन उतरलं तेव्हा लाल जागेच्या कडा वर आल्या. मग मधे पाणी धरलं. दिवस मावळायच्या आधी तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत एकच लांब फोड उभा राहिला, पिवळसर, ताणलेला.

आईनं हात आप्पांपुढं धरला. आप्पांनी बोटाच्या टोकानं त्याला स्पर्श केला. मग आपल्या हातांवरचे फोड पाहिले, मग गोठ्याकडं पाहिलं. कुऱ्हाड त्यांच्या मांडीवरून आपोआप खाली घसरली.

“मीच घातलं त्याला,” ते म्हणाले. “निवडून निवडून घातलं.”

तेवढ्यात पलीकडून काकूचा ओरडा आला.

दिवसभर आम्ही सगळे आप्पांवर नजर ठेवून होतो. शिवावर कुणाचीच नव्हती. तो दुपारीच परसदारानं निघून गेला होता. काकांचा गडी बैल घेऊन ओढ्यावर आला तेव्हा शिवानं विळ्यानं एका बैलाच्या मागच्या दोन्ही पायांच्या शिरा तोडल्या. बैल पाण्यात बसला तो उठलाच नाही. शिवा विळा हातात घेऊन दारात आला, त्याच्या धोतरावर रक्त होतं, आणि तो हसत होता. अगदी लहानपणी आप्पांनी शाबासकी द्यावी म्हणून हसायचा तसा. “आप्पा, फेडलं,” म्हणाला.

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मारलं नाही, शिवी दिली नाही. हे पोर कुणाचं आहे असं त्या नजरेत होतं, आणि कुणाचं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

मारुतीकाका काठी घेऊन आले. पहिला घाव त्यांनी आप्पांच्या खांद्यावर घातला, दुसरा डोक्यात. रक्त कानावरून मानेवर उतरलं. कुऱ्हाड आप्पांच्या पायाशी पडलेली होती, हात लांब केला असता तर सापडली असती. आप्पांनी हात लांब केला नाही. डोकं खाली घालून बसून राहिले, जणू मोजून घेत होते. तिसऱ्या घावाला आईनं तो फोडाचा हात मधे घातला. काठी त्यावर पडली नाही, काकांनी ती हवेतच धरली, पण फोड घाईत दाराला घासून फुटला आणि पाणी उंबऱ्यावरच्या बांगड्यांवर सांडलं.

“बास, भावजी,” आई म्हणाली.

ती गोठ्यात गेली, हौशाचं दावं सोडलं आणि काकांच्या हातात दिलं. “तुमच्याकडं एक ऱ्हायला. ह्यो घ्या. जोडी हुईल.”

काकांनी तिच्या हाताकडं पाहिलं, मेलेल्या बसव्याकडं पाहिलं. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नाही. ते हौशाला घेऊन गेले. आमचा गोठा रिकामा झाला. काका बांधावर बोलले होते ते खरं झालं, आणि त्यात त्यांचा काडीचा हात नव्हता.

शिवाला आप्पांनी दुसऱ्या दिवशी घराबाहेर काढलं. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागला आणि पुढं तिकडचाच झाला. आप्पांच्या डोक्यावर खोक पडली ती भरली, पण तिथं केस आले नाहीत. दसऱ्यानंतर शाळूच्या पेरणीची वेळ आली तेव्हा आप्पा कुदळ घेऊन एकटेच रान खणायला लागले. एका सकाळी बांधावर काका उभे. औताला हौशा आणि त्यांचा उरलेला बैल. ते आप्पांशी बोलले नाहीत. हौशाला म्हणाले, “चल रं, तुझ्या घरचं रान हाय,” आणि औत आमच्या शेतात घातलं. संध्याकाळपर्यंत सगळं रान पेरून झालं. आईनं दोघांच्या भाकऱ्या बांधावर नेऊन ठेवल्या, एका बाजूला एकाच्या, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या. दोघं एकमेकांकडं पाठ करून जेवले. त्या वर्षापासून बांध बारीक व्हायचा थांबला.

पुढच्या श्रावणात हिंगे पुन्हा आले, पण गावानं ते हाकले नाहीत. पहाटे दव असताना सगळी माणसं हाताला फडकी गुंडाळून शेतात उतरली. आईचा हात सगळ्या गावानं पाहिला होता, म्हणून तिचं ऐकलं. तिनं सांगितलं होतं, हाकायचे नाहीत, झोडायचे नाहीत, पंख ओले असताना वेचायचे. कडेनं भेंडीची एक ओळ लावली होती, तिच्या पिवळ्या फुलांवर ते आधी बसायचे, तिथंच निम्मे सापडायचे. वेचलेले हिंगे पाण्याच्या मडक्यात, वर रॉकेलचे चार थेंब. लढाईमुळं रॉकेल तेव्हा कार्डावर होतं, घरोघरी रात्री दिवा लवकर विझवून ते राखलेलं. आणि मेलेले हिंगे खड्ड्यात पुरायचे, गुराच्या तोंडाला येतील असे कुठंही टाकायचे नाहीत. खड्डा आप्पांनी खणला. कमरेएवढा खणला, एवढा लागत नव्हता तरी. पुढं शिक्षिका झाल्यावर मी एका पुस्तकात वाचलं की याच हिंग्याची अळी मातीत नाकतोड्यांची अंडी खाते, म्हणजे एका परीनं ती शेतकऱ्याचं कामही करते. मला ते वाचून राग आला. वाईटातसुद्धा चांगलं असतं हे मी लहानपणापासून फार ऐकत आले होते, आणि ते ऐकून मार खाणारीचं दुखणं काही कमी होत नाही.

आईच्या हाताची गोष्ट राहिली. तो फोड चिघळला आणि कितीतरी आठवडे बरा झाला नाही. नवरा जिवंत असलेली बाई बांगड्यांवाचून उघड्या हातानं पाणी आणायला जाते, यावर गावात बायका बोलायच्या ते आप्पांच्या कानावर जात असे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एक दिवस ते म्हणाले, “चल.” आई आणि मी त्यांच्या मागं चालत बेळगावात गेलो. खडेबाजारात एका कासाराच्या दुकानापुढं ते थांबले. बाहेरच उभे राहिले, पागोटं नीट केलं, कोपऱ्यात थुंकले. आत आईनं हात पुढं केला. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी, सुरकुतलेली खूण होती, चुलीवरून उतरवलेल्या दुधाच्या सायीसारखी.

कासार हात दाबत म्हणाला, “काय वो हे? असू दे. डझनभर भरतो, कुणाला दिसायचं न्हाय.”

आप्पा आत आले. आम्ही दोघी दचकलो, कारण ते असे आत कधी येत नसत.

“चारच भर,” ते म्हणाले. “खूण झाकू नकोस. ती मला दिसाय पायजे.”

कासारानं चारच भरल्या.

त्यानंतर आप्पांचा हात कधी उठला नाही असं मी सांगणार नाही. उठायचा. दार आपटायचं, कडी वाजायची. आई परात आत ओढायची नाही. ती नुसता डावा हात पुढं करायची. चार बांगड्या वाजायच्या, आणि आप्पांचा हात खाली यायचा.